तेरा नंबरचा दिवा

दिवाळीला पहूरला गेलो की पहिले दोन दिवस फराळ आणि गप्पांत जातात आणि तिसऱ्या दिवशी मी कुठल्या ना कुठल्या कामाला जुंपला जातो. कधी मिक्सर दुरुस्त करायचा असतो, कधी टीव्हीची वायर ओढायची असते. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, त्यामुळे घरातली बिघडलेली प्रत्येक वस्तू माझीच, असा घरच्यांचा समज आहे. मागच्या दिवाळीत मात्र बिघडलेलं काही नव्हतं. पुतणी एक खोका घेऊन आली आणि म्हणाली, "काका, हे मला शिकवा."

खोक्यात आर्डुइनो उनो होतं. अस्सल नव्हे, काहीशे रुपयांत मिळते ती नक्कल. ती नववीत आहे. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, विषय "स्मार्ट शेती". भावाने जळगावच्या गोलाणी मार्केटातून बोर्ड, थोड्या वायरी, चार-पाच एलईडी आणि मातीत खुपसायचा एक काटा असं सगळं आणून दिलं होतं. प्रोग्राम तिने कुठूनतरी उतरवून घेतला होता. चालत नव्हता.

खरं सांगायचं तर मला तो बोर्ड फारसा माहीतच नव्हता. नाव ऐकून होतो, आणि मनात थोडी तुच्छताही होती. आम्ही मायक्रोकंट्रोलर शिकलो तो ८०५१. इंटेलने १९८०त आणलेला. प्रयोगशाळेत एक ट्रेनर किट, त्याभोवती आम्ही आठ जण. हेक्साडेसिमल आकडे एकेक करून दाबायचे, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. किटमधल्या ईप्रॉमवरचं पुसायचं तर ती चिप अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवावी लागे. परीक्षेत मी ८०५१च्या चाळीसच्या चाळीस पायांची नावं लिहून आलो, पण स्वतःच्या मालकीची एक चिप माझ्या हातात कधी आली नाही. दिवा लावणं तर सोडाच. तरीही मला वाटायचं की खरं शिक्षण ते, आणि हे आर्डुइनो म्हणजे पोरांचं खेळणं.

चार दिवसांत हे मत बदललं. ते कसं बदललं आणि तरीही माझी एक तक्रार का उरली, ते सांगायचं आहे.

आधी बोर्डाबद्दल थोडं. २००५ साली इटलीत इव्ह्रेआ नावाच्या गावी एक डिझाइन शिकवणारी संस्था होती. तिथल्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नव्हतं, पण हलणाऱ्या, उजळणाऱ्या, हात लावला की प्रतिसाद देणाऱ्या वस्तू तर बनवायच्या होत्या. बाजारातले बोर्ड महाग आणि किचकट. म्हणून मास्सिमो बान्झी, डेव्हिड कुआर्तिएल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा स्वस्त बोर्ड केला. त्याचा पाया आधीच घातला गेला होता. त्याच संस्थेतल्या एर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने २००३ साली "वायरिंग" नावाचं काम सुरू केलं होतं, त्याच्यावर हे उभं राहिलं. त्याचं श्रेय नंतरच्या गोष्टींत बऱ्याचदा गळतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. नाव पडलं ते गावातल्या एका बारवरून, आणि त्या बारला नाव होतं इ.स. १००२मध्ये इटलीचा राजा झालेल्या अर्दुइनचं. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या राजाचं नाव आमच्या पहूरच्या ओसरीवर आलं ते असं फिरत फिरत!

उनो आला २०१०मध्ये. त्याच्यावरची चिप एटमेगा ३२८पी. सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके, प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट जागा, चालू कामासाठी अवघी २ किलोबाइट स्मृती. हा लेख जसाच्या तसा त्या दोन किलोबाइटांत मावणार नाही. चौदा डिजिटल पाय, सहा अॅनालॉग. आणि तेरा नंबरच्या पायाला बोर्डावरच एक बारीक एलईडी जोडलेला. वायर नको, सोल्डर नको, काही नको. यूएसबी लावायची, चार ओळी लिहायच्या, बटण दाबायचं. दिवा एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो.

पुतणीला मी तिचा उतरवलेला प्रोग्राम बाजूला ठेवायला लावला आणि हे आधी करायला सांगितलं. दिवा लुकलुकला. मग तिने सेकंदाचा अर्धा सेकंद केला, मग दशांश सेकंद, मग इतका कमी की दिवा सतत लागल्यासारखा दिसू लागला. "आता विझतच नाही," म्हणाली. मग तिचं तिलाच कळलं की विझतो आहे, डोळ्याला दिसत नाही. मला हे कळायला डिप्लोमाचं दुसरं वर्ष लागलं होतं, आणि तेही ऑसिलोस्कोपच्या आकृतीवरून.

तेव्हा पटलं. माझ्यासारखे लोक आक्षेप घेतात की हा बोर्ड सगळं लपवतो. रजिस्टर दिसत नाही, घड्याळ कसं चालतं कळत नाही. ते खरं आहे. पण आमच्यापासूनही काही लपलेलं होतंच की. आमच्यापासून दिवा लपला होता! आतलं सगळं पाठ आणि बाहेर काय होतं ते कधी पाहिलंच नाही. आधी दिवा बघावा आणि मग आत शिरावं, हा क्रम मला आता जास्त शहाणपणाचा वाटतो. आत शिरायचं दार बंद नाहीच. बोर्डाचा नकाशा खुला आहे, म्हणून तर नक्कल उजळ माथ्याने विकली जाते. २०२५च्या ऑक्टोबरात क्वालकॉमने ही कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं तेव्हा पुष्कळांना धास्ती वाटली. पुढे काय व्हायचं ते होईल, पण जो नकाशा लोकांच्या हातात एकदा गेला तो काही परत घेता येत नाही.

असो. मग आम्ही मातीच्या काट्याकडे वळलो.

तिच्या उतरवलेल्या प्रोग्रामात लिहिलेलं होतं, आकडा ५००च्या खाली गेला की पडद्यावर लिही, "पिकाला पाणी द्या." बोर्ड ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो आणि ० ते १०२३ यांतला एक आकडा देतो. आम्ही कुंडीतल्या कोरड्या मातीत काटा खुपसला, आकडा हजाराच्या जवळ. तांब्याभर पाणी ओतलं, आकडा धपकन खाली. म्हणजे तिच्याकडचा काटा कोरड्यात मोठा आकडा देणारा, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने धरलं होतं उलटं. तिचं यंत्र चिखलात उभं राहून पाणी मागत होतं!

आम्ही पोटभर हसलो. पण नंतर मला त्याचं वाईट वाटलं. हा प्रोग्राम असाच प्रदर्शनात गेला असता तर? थर्माकोलचं शेत, हिरवा कागद, त्यात काटा, वर दिवा. परीक्षकांनी विचारलं असतं, "बेटा, याचा उपयोग काय?" तिने पाठ केलेली चार वाक्यं म्हटली असती, आणि कदाचित बक्षीसही मिळालं असतं. माती कुणी ओली करून बघितली असती का? मला शंका आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेतातली काळी माती डब्यात आणली. एकदा उन्हात वाळवून आकडा घेतला, एकदा भरपूर भिजवून घेतला. कुंडीतल्या मातीचे आकडे आणि हे आकडे जुळेनात. तिने वहीत दोन रकाने केले. माझ्या मते तिचा प्रकल्प त्या क्षणी सुरू झाला. काटा रात्रभर चालू ठेवला तर सकाळी एका दांड्यावर हिरवट-काळा थर. ओल्या मातीतून सतत वीज वाहिली की तांबं झिजतं. मग तिने असं केलं की काट्याला वीज द्यायची ती फक्त आकडा घेण्यापुरती, एरवी बंद. हे मी नाही सांगितलं. मी फक्त झीज का होते ते सांगितलं.

हे सगळं आबा ओसरीवर बसून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय करून राह्यली ग बाई? याच्यानं मोटर चालू होईन का?"

आता हा प्रश्न आमच्याकडे चेष्टेचा नाही. शेतीची थ्री फेज लाईट आळीपाळीने दिवसा आणि रात्री, असं आम्ही वर्षानुवर्षं काढलं आहे. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला अंधारात विहिरीवर जायचं. सापाचं भय, ओल्या हाताने स्टार्टरला हात लावायचं भय. सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३मध्ये तिचा दुसरा टप्पा, त्या दिवसा वीज मिळावी याच हेतूने. तोवर शेतकऱ्याने आपल्यापुरता उपाय केव्हाच शोधला होता: ऑटो. स्टार्टरला एक डबी जोडायची. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. माणूस घरी झोपलेला.

पण ऑटोची दुसरी बाजू डीपीला विचारा. पाच एचपीची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. एका १०० केव्हीएच्या डीपीवर अशा बारा मोटरी असल्या तर चालत्या मोटरींचे ९० अँपिअर होतात. डीपीची ताकद एकशे तीस-चाळीसची, म्हणजे सुखाने चालतं. पण लाईट आल्या आल्या बाराही ऑटो एकदम लागले तर मागणी जाते पाचशेच्या वर. फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो. मग नवा डीपी येईपर्यंत बाराही जणांचं पीक वाळतं. महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे, ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा. दुसरा धोका माणसाचा. लाईट नाही म्हणून कुणी मोटर उघडून बसला असेल, मेन स्विच पाडायचा विसरला असेल, आणि लाईट आली तर ऑटो विचारत बसत नाही.

पुतणीने हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग प्रत्येकाची मोटर वेगवेगळ्या वेळी चालू करायची ना. कुणी पाच सेकंदांनी, कुणी दोन मिनिटांनी. आर्डुइनोत रँडम आहे." मी म्हटलं, कर. पण मोटरीला नाही हं, एलईडीला. पाच व्होल्टचा हा बोर्ड आणि ४१५ व्होल्टचा स्टार्टर यांच्यामध्ये रिले, काँटॅक्टर, फ्यूज आणि एक शहाणा वायरमन लागतो, आणि नववीच्या मुलीने तिथे हात घालायचा नाही. या बाबतीत मी आजही ठाम आहे.

भावाने आणखी एक बोर्ड आणून दिला. दोन्हींत तोच प्रोग्राम. दोन्हींच्या यूएसबी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. तो बोर्ड चालू केला, म्हणजे "लाईट आली". पाच ते एकशेवीस सेकंदांतली कुठलीही वेळ निवड आणि मग तेरा नंबरचा दिवा लाव. आम्ही चौघं टक लावून बसलो. आणि दोन्ही दिवे एकाच वेळी लागले!

पुन्हा केलं. पुन्हा एकाच वेळी. तिचा चेहरा पडला. मलाही क्षणभर कळेना, मग आठवलं. या चिपकडे खरं नशीब नसतं. एका ठरावीक गणिताने ती आकडे काढते, आणि दर वेळी पहिल्या आकड्यापासून सुरुवात करते. दोघांचा प्रोग्राम एक, म्हणजे दोघांचं "नशीब" एक. बारा शेतकऱ्यांनी हाच प्रोग्राम घातला असता तर बाराही मोटरी थोडं थांबून, पण एकदमच सुरू झाल्या असत्या, आणि डीपी तसाच जळला असता. यावर उपाय आहे. मोकळ्या सोडलेल्या अॅनालॉग पायावर जो भरकटता आकडा मिळतो, त्याच्यापासून गणित सुरू करायचं. तसं केलं, दिवे पुढेमागे लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आबा म्हणाले, "नशिबावर कायले सोडता? नंबर लावा ना. एक नंबरवाला आधी, मग दोन नंबरवाला. पाटाच्या पाण्याची पाळी राहते तशी."

बरोबर! प्रत्येक बोर्डात एक आकडा लिहायचा, त्याला दहाने गुणायचं, तितके सेकंद थांबायचं. रँडमपेक्षा सोपं आणि जास्त भरवशाचं, कारण रँडममध्येही दोघांची वेळ कधीतरी एक निघणारच. पुतणीने पाच मिनिटांत बदललं. पहिला दिवा दहा सेकंदांनी, दुसरा वीस.

मग आबांनीच पुढचं सांगितलं, आणि ते माझ्या मनात राहिलं. बाजारच्या काही ऑटोतही थोडं थांबायची सोय असते, एक बारीक बटण फिरवायचं. पण लोक काय करतात? आपली वेळ सगळ्यांत कमी ठेवतात. कारण जो पहिला लागतो त्याला दाब पूर्ण मिळतो, शेवटचा आला की व्होल्टेज पडलेलं. म्हणजे उपाय डबीत आधीपासून आहे. नाही ती बारा जणांची एकमेकांना कबुली, की मी सातव्या नंबरला थांबीन. ती कबुली काही बोर्डावरच्या ३२ किलोबाइटांत लिहिता येत नाही.

मग बोर्डाने काय दिलं? मला वाटतं, त्याने प्रश्न दाखवला. ओसरीवर दोन दिवे एकदम लागले तेव्हा डीपी का जळतो ते पुतणीला जन्मभरासाठी कळलं, आणि मला पंचेचाळिशी ओलांडल्यावर. भाषणाने हे होत नाही. थर्माकोलच्या शेताने तर नाहीच नाही.

आता तक्रार. २०१६पासून अटल टिंकरिंग लॅब शाळाशाळांत आल्या, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. त्यांत असे बोर्ड असतात. कल्पना उत्तम आहे. पण एका शाळेत मी स्वतः बघितलं, बोर्ड काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सरांकडे. सरांचाही दोष नाही म्हणा. वर्षअखेरीला मोजणी होते, एक कमी भरला तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. म्हणून सगळ्यांत सुरक्षित बोर्ड म्हणजे कुणी हात न लावलेला बोर्ड. आमच्या ट्रेनर किटचं तेच झालं होतं. तेव्हा किट महाग होतं, निदान कारण तरी होतं. आता बोर्ड काहीशे रुपयांचा आहे आणि कुलूप मात्र तेच.

आपल्याकडे याहून जुनं आणि चांगलं उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, आणि काम गावाच्या गरजेचं. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब उभी राहिली ती याच पाबळला. दुष्काळी भागातल्या एका खेड्यात! ते घडलं यंत्रं आली म्हणून नव्हे. यंत्रं येण्याआधी तिथे वीस वर्षं गावाचे प्रश्न टेबलावर होते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वाचनालयातून पुस्तक घरी देतात तसा बोर्ड घरी द्या. पंधरा दिवस. जळाला तर दंड नको, एका वहीत लिहून घ्या: काय करताना जळला, का जळला. वर्षाच्या शेवटी बोर्ड किती उरले हे मोजण्यापेक्षा त्या वहीची पानं किती भरली ते मोजा. आणि प्रदर्शनात विषय वरून देऊ नका. मुलाला घरी जाऊन आजोबांना विचारू द्या, तुमची अडचण काय? पहूर असो की पाबळ, अडचणींना तोटा नाही.

पुतणीच्या प्रदर्शनाचं पुढे काय झालं? तिने काटा बाजूला ठेवला आणि एका पुठ्ठ्यावर डीपी काढून चार एलईडी लावले, चार मोटरी म्हणून. एक बटण. दाबलं की दिवे आपापल्या नंबराने लागायचे. प्रोग्रामात प्रत्येक ओळीपुढे तिने मराठीत टीप लिहिली होती. बटणाच्या ओळीपुढे "लाईट आली", पहिल्या दिव्यापुढे "आबांची मोटर". बक्षीस मिळालं नाही. त्यात स्मार्ट काय आहे, असं परीक्षकांनी विचारलं म्हणे.

तिने आबांचं नाव पहिल्या नंबराला का लावलं, हे मात्र आबांनीच तिला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही मोठे म्हणून." आबा म्हणाले, "मंग मले शेवटचा नंबर लाव. मोठ्यानं थांबायचं राहते."

तिने तो आकडा बदलला. एक मिनिटही लागलं नाही. उरलेल्या अकरा जणांशी बोलायला आबा पाडव्यानंतर जाणार होते. दोघांनी हो म्हटलं आहे, बाकीचे बघू म्हणतात.